पेंढ्याचं वासरू

उल्कानच्या गाईचं वासरू ऑगस्टात घळीत पडून मेलं, तेव्हा कातडं सोलायला तिनं तोलोमुशलाच बोलावलं. म्हाताऱ्याचा हात हलका. त्यानं कातडं अखंड काढलं, मीठ चोळून उन्हात घातलं, आत कोरडा पेंढा ठासला, पोटाला शिवण घातली आणि काटक्यांच्या चार पायांवर ते वासरू गाईपुढं उभं केलं. खोऱ्यात त्याला तुलुप म्हणतात. गाईनं हुंगलं. थोडी मागं सरली. मग पुढं येऊन त्या पोकळ कपाळाला चाटू लागली, आणि चाटता चाटता तिला पान्हा फुटला.

उल्कान गुडघ्यांत बादली धरून बसली होती. पहिली धार बादलीत वाजली, तशी ती तोलोमुशला थोरल्या भावासारखी हाक मारून म्हणाली, "अके, हे पाप तर नाही ना? मुक्या जनावराला फसवायचं?"

"फसवणं कसलं त्यात? दूध अडलं तर कास दगड होईल तिची. तापानं मरेल. अल्लानं माणसाला अक्कल दिली ती याच कामाला. याला दया म्हणतात, पोरी."

"मग आपल्यापुढं काय उभं केलंय?"

"कुणी?"

"वरच्यानं. आपणही काहीतरी चाटतोच आहोत की. आणि दूध देतोय."

"तोबा, तोबा!" तोलोमुशनं दाढीवरून हात फिरवला. "नवरा गेला, गुडघे गेले, पण ही जीभ काही जात नाही तुझी."

"जीभ गेल्यावर तुमच्या लग्नात गाणार कोण? आणि मयतीत रडणार कोण? तुमची बायको, सादात? तिचा आवाज ऐकून मेलेला उठून बसेल."

म्हातारा हसला. हसताना त्याची उंच पांढरी टोपी मागं कलली. बोलण्यात उल्कानला हरवणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि खरं तर जमावं असं वाटलंही नव्हतं.

तीस वर्षं ही दोघं मरणाच्या दारात बरोबर उभी राहिली होती. त्या खोऱ्यात मरणाची बातमी कुणी एकट्यानं, उघड्या शब्दांत सांगत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याच्यापासून ती लपवून ठेवायची. सगळे जमले की सकाळच्या वेळी त्याच्या दारात जायचं. पुढं तोलोमुश, मागं बाया. तोलोमुश चार ओळी बांधून आणायचा, त्यात मरण हा शब्दच नसायचा, आणि ऐकणाऱ्याला मात्र सगळं समजायचं. समजलं की आतली बाई कोसळायची, मग उल्कान तिला धरून विलापाचा सूर लावून द्यायची. नंतर पुरुष काठ्यांवर रेलून, मयत ठेवलेल्या तंबूच्या दिशेनं आक्रोश करत यायचे. आत भिंतीकडं तोंड करून बसलेल्या बाया गाऊन त्यांना उत्तर द्यायच्या. बाहेरून हाक, आतून उत्तर. त्या उत्तरानं मरणाला जागा मिळायची, जशी पाहुण्याला मिळते.

तोलोमुशच्या लेखी धर्मही एवढाच होता. नमाजाला कपाळ टेकलं की त्याला वाटायचं, आपण बाहेर काठीला रेलून उभे आहोत, आत कुणीतरी पाठमोरं बसलंय. आत्ता उत्तर येईल. सत्तर वर्षांत ते स्पष्ट असं कधी आलं नव्हतं. पण आत कुणी नाही, असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी गावप्रमुख जोलचूनं त्याला अंगणात बोलावून घेतलं. अंगणात सहा कढया मांडल्या होत्या. दोन घोडे आणि बारा मेंढ्या कापून टांगलेल्या. गुरुवारी जोलचूच्या मुलाचं लग्न होतं. जोलचूनं त्याला कोठाराच्या आत नेलं, दार ओढलं, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "अके, उल्कानचा मिरलान गेला."

मिरलान. तीन वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेलेला उल्कानचा एकुलता एक. जन्मल्यावर त्याच्या कानात बांग दिली होती ती तोलोमुशनंच.

"कसा?"

"पाचव्या मजल्यावरून. फळी निसटली. फोन मला आला. पेटी विमानानं निघाली आहे, उद्या खाली तालुक्याला पोचेल."

तोलोमुश धान्याच्या पोत्यावर बसला. म्हणाला, "म्हणजे परवा सकाळी सांगायला हवं. परवाच दफन."

जोलचू दाराच्या फटीतून कढयांकडं बघत राहिला.

"परवा लग्न आहे, अके."

"मग?"

"तीन जिल्ह्यांतून पाहुणे निघालेत. नवरी निघाली आहे. गावात मयत म्हटलं की वाद्य नाही, गाणं नाही, नवरी अर्ध्या वाटेतून परत. आणि परत गेलेल्या नवरीला लोक काय म्हणतात, मी सांगायला नको. पोरीचा काय दोष?"

"आणि मिरलानचा काय दोष?"

"त्याला आता थांबण्याचा त्रास नाही. मांसाला आहे." बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच लाज वाटली असावी, त्यानं आवाज खाली आणला. "सफरचंदांचं शीतगृह आहे ना खाली, माझ्या मेव्हण्याचं? तिथं ठेवू. शनिवारी सकाळी सांगा. तीनच दिवसांचा प्रश्न."

"मेलेल्याला ताटकळत ठेवायचं नसतं, जोलचू."

"मशिदीतल्या मोल्दोला विचारलंय मी. तो म्हणाला, प्रवासातल्या माणसाला सवलत असते. समजा, तो अजून प्रवासातच आहे." मग त्यानं म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. "तुम्हीच सांगत आलात ना, बातमी सगळे जमल्यावर सांगायची? शनिवारी जमतील तेवढे लोक या गावात पुन्हा कधी जमणार नाहीत. अख्खं खोरं रडेल तिच्याबरोबर. रीत मोडत नाही आपण. जरा ताणतोय."

तोलोमुशला उठून जाता आलं असतं. उल्कानचं घर तिथून दोनशे पावलं. पण त्या पोत्यावर बसल्याबसल्या त्याला एक गोष्ट कळली: आपल्यापाशी आज शब्द नाहीत. इतर घरांसाठी ओळी वाटेतच सुचायच्या. या घरासाठी काहीच सुचत नव्हतं. तीन दिवस मिळाले तर सुचतील. त्यानं स्वतःला समजावलं, की हे तिच्यासाठीच. ओबडधोबड शब्दांनी तिला मारण्यापेक्षा बरं. तिची कास दगड होऊ नये म्हणून.

"शनिवारी," तो म्हणाला.

बुधवारी संध्याकाळपर्यंत उल्कान सोडून सगळ्या गावाला समजलं होतं. बाया तिच्या घरी जाऊन पीठ मागून आणू लागल्या, चाळण परत करू लागल्या. काही ना काही निमित्तानं तिला बघून येऊ लागल्या.

"काय गं, आज सगळ्यांना माझीच चाळण कशी आठवली?" ती म्हणाली. "लग्न जोलचूकडं आणि गर्दी माझ्याकडं!"

गुरुवारी नवरी आली. डोक्यावर पांढरी ओढणी घालण्याची वेळ झाली, तेव्हा सगळ्यांनी उल्कानकडं पाहिलं, कारण ती ओढणी तिच्या गाण्याशिवाय कुणाच्या डोक्यावर चढत नसे. एक-दोन म्हाताऱ्यांनी तोलोमुशकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. उल्कान लाल मखमली जाकीट घालून आली होती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर प्रथमच. तिनं दोन्ही हातांत ओढणी धरली आणि सूर लावला:

पांढरी ओढणी घे गं माथी,
उंबऱ्यात दूध सांडो हाती,
तुझ्या पावलांची वाट पाही
डोंगरामागची सारी माती.

तिचा आवाज वयानं जाड झाला होता, पण त्या दिवशी तो असा काही लागला की कढईजवळची माणसंही पळी हातात धरून थांबली. एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. आणि शेवटी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, तिनं एक ओवी स्वतःसाठी घातली:

एक शिंगरू माझं दूरदेशी,
बर्फाच्या आधी येईल वेशीशी,
त्याच्या नवरीला एक गाणं
राखून ठेवलंय उरापाशी.

आधी सादातनं रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मग तिच्या शेजारणीनं. मग अख्खा मांडव रडू लागला. पुरुष टोप्या डोळ्यांवर ओढू लागले. परक्या जिल्ह्यातले पाहुणे चकित होऊन बघत राहिले, कारण लग्नात एवढं रडू त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं. उल्कान गाणं संपवून घामेजलेली, हसत तोलोमुशजवळ येऊन बसली.

"बघितलंत, अके? आज गळा लागला. दगड रडले."

"हो," तोलोमुश म्हणाला.

"तुम्हीही रडलात. मी पाहिलं. म्हातारपणी विरघळायला लागलात."

आणि त्याच क्षणी, तिच्या श्वासाची ऊब खांद्याला लागत असताना, तोलोमुशला पहिली ओळ सुचली. ससाणा सोडला आभाळात. त्याच्या अंगावर काटा आला. ओळ चांगली होती. तिच्या मागून दुसरी आली. म्हातारा तिथंच बसून, तिच्या शेजारी, बोटांवर मात्रा मोजू लागला. एक शब्द काढून दुसरा घालू लागला. चौथी ओळ बसली तेव्हा त्याला आनंद झाला. हा आनंद त्यानं पुढं कधीच कुणाला सांगितला नाही.

शुक्रवारी दुपारी ती फोन घेऊन त्याच्या दारात आली. मिरलान दर शुक्रवारी नमाजानंतर फोन करायचा.

"अके, हे बघा जरा. बिघडलाय का? तुमचा वाजतो का?"

त्यानं फोन हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. पडद्यावर मिरलानचा फोटो होता, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण.

"टॉवर बिघडलाय," तो म्हणाला. "खिंडीत वारा होता ना काल."

"मला वाटलंच. नाहीतर चुकवायचा नाही तो." ती वळली, पुन्हा थांबली. "कालचं गाणं कुणीतरी फोनवर घेतलंय. त्याला पाठवते टॉवर लागला की. ऐकून येईल तरी लवकर."

ती गेल्यावर सादात आतून म्हणाली, "पेंढा चांगला भरता तुम्ही."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. तीन दिवस सगळं गावच गप्प आहे. एवढे गप्प आपण कुणाच्या भल्यासाठी कधी राहिलो होतो?"

शनिवारी सकाळी डोंगरावर नवा बर्फ पडलेला होता. खाली पडला नव्हता. उन्हात नुसती थंडी होती. तोलोमुश पुढं, मागं सादात आणि पंधरा-वीस बाया, त्यांच्यामागं पुरुष. लग्नाचे पाहुणेही होते. जोलचूनं शब्द पाळला होता. खोऱ्यात एवढी माणसं एका दारात कधी जमली नव्हती.

उल्कान गोठ्यात धार काढत होती. बादली अर्धी झाली होती. तिनं मान वळवून बघितलं, आणि बघताच तिचा चेहरा कामाला निघालेल्या बाईसारखा गंभीर झाला.

"अरे देवा," ती म्हणाली. "कोण गेलं?"

तीस वर्षं असेच तर ते तिला न्यायला यायचे. तोलोमुश पुढं, मागं बाया. तिनं बादली बाजूला सरकवली, जाकिटाला हात पुसले आणि खुंटीवरचा काळा रुमाल घेतला. "थांबा, आलेच मी. परवाच लग्न आणि आज हे. कुठं जायचंय? वरच्या वस्तीवर?"

ती रुमाल बांधत राहिली.

"तरुण का म्हातारं?"

"तरुण," तोलोमुशच्या तोंडून निघालं.

"हाय रे. आई आहे?"

"आहे."

"बिचारी." रुमालाची गाठ मारून ती त्याच्याजवळ आली आणि तिनं आवाज खाली आणला. प्रत्येक वेळी आणायची तसाच. "काय बांधलंय? म्हणजे मला सूर धरता येईल. सांगा ना."

तोलोमुशनं नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्यापुढं ओळी म्हणून दाखवायची तीस वर्षांची सवय. तिनं मान हलवल्याशिवाय त्याची एकही ओळ कुठल्या दारात गेली नव्हती. त्याचे ओठ आपोआप हलले:

ससाणा सोडला आभाळात,
दोरी राहिली हाती,
आभाळानं पाखरू ठेवलं,
पिसं धाडली मातीसाठी.

उल्काननं डोळे मिटून ऐकलं. "छान आहे," ती म्हणाली. "फार छान आहे, अके. एवढं चांगलं तुम्ही माझ्या नवऱ्यालाही बांधलं नव्हतं. पण ती दोरी काढा. दोरी हातात राहिली म्हटलं की आईला लागेल ते. तिला वाटेल, आपण घट्ट धरायला हवी होती." मग तिनं डोळे उघडले. "कुणाचा मुलगा?"

तोलोमुशनं तिच्याकडं बघितलं. मागं एक बाई हुंदका देऊन थांबली. कुणीच पाऊल उचलेना. दारातून बाहेर पडायला वाट होती, पण सगळे तोंड आत करून उभे होते. उल्काननं एकेका चेहऱ्याकडं बघितलं: चाळण परत करणारी, पीठ मागणारी, मांडवात रडलेली.

"उल्कान," म्हातारा म्हणाला, "कुठं जायचं नाही आपल्याला."

ती किंचाळली नाही. तिचा हात रुमालाच्या गाठीवर गेला आणि तिथंच राहिला.

"कधी?"

"सोमवारी. याच."

"आणि आणलं कधी?"

तिनं जोलचूकडं बघितलं. जोलचू म्हणाला, "बुधवारी, ताई. खाली, शीतगृहात... नीट ठेवलाय. मेव्हण्यानं स्वतः..."

"बुधवारी," ती म्हणाली. "आणि मी गुरुवारी गायले."

बायांनी तिला धरायला हात पुढं केले. तिनं ते बाजूला केले, सावकाश, जशी वाटेतली फांदी करतात. मागं गाय हंबरली. धार अर्धी राहिली होती. दूध सडातून थेंब थेंब गळत होतं. उल्कान वळली, पुन्हा बसली, बादली गुडघ्यांत धरली. धारेचा आवाज सुरू झाला. दारात शंभरेक माणसं उभी, आणि ती धार काढतेय.

तुलुपाच्या पोटाची शिवण चाटून चाटून उसवली होती. आतला पेंढा बाहेर आला होता. गाईनं तो हुंगला. मग ती शांतपणे आपल्या वासराच्या पोटातून पेंढा ओढून खाऊ लागली. खाता खाता मध्येच एकदा त्याच्या कपाळाला चाटून घ्यायची, पुन्हा खायची. दूध काही थांबलं नव्हतं.

"बघा, अके," उल्कान मान वर न करता म्हणाली. "तिला माहीत होतं का नव्हतं, सांगा."

तोलोमुश स्वतः घातलेल्या त्या उसवलेल्या शिवणीकडं बघत राहिला.

अकराच्या सुमारास ट्रक आला. अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला होता, पेटी आत ठेवली. पेटीबरोबर सफरचंदांचा वास आत आला, गोड, थंड, आणि सगळ्या तंबूत भरून राहिला. उल्कान भिंतीकडं तोंड करून बसली. बाया तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. बाहेर कढया पेटल्या. जोलचूनं लग्नातली उरलेली तळलेली भाकरी पोत्यानं पाठवली होती, ती ताटांत ओतली गेली.

पुरुष रांगेनं उभे राहिले. तोलोमुश सर्वांत पुढं. त्यानं काठी टेकली, कंबर वाकवली आणि आक्रोश केला: "माझ्या लेकरा रे! माझ्या आधारा रे!" मागच्या शंभर गळ्यांनी तो उचलला. डोंगरानं तो परत धाडला.

मग ते थांबले, जसे नेहमी थांबतात. आतून उत्तर यावं म्हणून.

आतून काही आलं नाही.

आत सादातनं उल्कानच्या कोपराला हात लावला. "गा गं. बाहेर थांबलेत सगळे. तू लावल्याशिवाय आम्ही कशा लावणार?"

"मी गायले," उल्कान भिंतीला म्हणाली. "गुरुवारी. माझ्याजवळ जे होतं ते सगळं गायले. तो खाली पेटीत होता आणि तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. आता उरलं नाही."

"अगं, पण पोरगं तसंच जाईल, विलापाशिवाय..."

"त्याला तुम्ही थांबायला शिकवलंय. थांबेल."

बाहेर तोलोमुशनं पुन्हा हाक दिली. या वेळी मागून आलेले आवाज कमी होते. तिसऱ्यांदा दिली, तेव्हा त्याचा एकट्याचाच आवाज होता. माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुणी खोकलं. परक्या जिल्ह्यातल्या एका पाहुण्यानं घड्याळ बघितलं. जोलचूनं हळूच म्हाताऱ्याच्या बाहीला हात लावला: "अके, पुरे आता. उचलू या."

तोलोमुशनं बाही सोडवून घेतली. तो काठीवर रेलून तसाच वाकलेला होता, कान तंबूकडं. नमद्यामागं बायांच्या कपड्यांची सळसळ. कुणीतरी नाक ओढलं. गोठ्याकडून गाईचं रवंथ करणं ऐकू येत होतं. वर बर्फ उन्हात चमकत होता, आणि त्याच्याही वरचं आभाळ निळं होतं, अगदी रिकामं.

पेटी त्याच्या शेजारून नेली. सगळे पुरुष तिच्यामागं गेले. म्हातारा अंगणात राहिला. त्यानं छाती भरून घेतली आणि चौथ्यांदा हाक दिली, नमद्याच्या त्या भिंतीकडं तोंड करून.